नुसत्या स्पॅनिशवर भागत नाही

कॉलेजतर्फे पेरूत कुस्कोजवळच्या खेड्यांत एक सत्र राहून आलेल्या विद्यार्थिनीचा अनुभव वाचून फार बरं वाटलं. फक्त कॉलेजनं तिची भाषेची तयारी स्पॅनिशपुरतीच करून घेतली होती, हे खटकलं. त्या डोंगराळ गावांत घरात केचुआ ही तिथली मूळ भाषा बोलतात. म्हाताऱ्या बायका स्पॅनिशमध्ये दोन वाक्यांत आटपतात आणि नातवंडांकडे बघतात. बियाण्यांचं सगळं ज्ञान मात्र त्यांच्याकडेच असतं. मी पेरूतल्याच पुनो भागात राहिले तेव्हा मोडकीतोडकी का होईना, केचुआ येत होती, म्हणून मला चुलीपाशी जागा मिळाली.

आणि पुढे तिथे जाणाऱ्यांनो, जमलं तर जून-जुलै गाठाच. तेव्हा रात्री कडाक्याची थंडी पडते आणि चुन्यो, म्हणजे गोठवून वाळवलेले बटाटे, करतात. छोटे बटाटे माळावर पसरतात, ते रात्री गोठतात, दिवसा उन्हानं मऊ पडतात, मग अनवाणी पायांनी तुडवून त्यातलं पाणी काढतात. वाळल्यावर ते हलके, टणक होतात नि कित्येक वर्षं टिकतात. हे तुडवायला बरोबर उभं राहिलं की बायका आपणहून बोलू लागतात.

कुस्को सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे, हवा विरळ असते, म्हणून पहिले दोन-तीन दिवस धावपळ नको. कोकाच्या पानांचा चहा तिथे घरोघरी देतात, तो घ्या. पण पानं सामानात घालून भारतात आणू नका, इथे कायद्यानं बंदी आहे.

कॉलेजला एकच विनंती: मुलांचे अहवाल त्या गावांनाही द्या, शक्यतो केचुआत वाचून दाखवा. माहिती त्यांनीच दिली आहे.