फसलेल्याला फसलेला म्हणायची सोय

मराठी चित्रपट पडला की आपल्याकडची चर्चा ठरलेल्या वळणाने जाते. शो मिळाले नाहीत, मिळाले ते अडनिड्या वेळेचे, निदान समीक्षकांनी तरी सांभाळून घ्यायचं! दिग्दर्शक नावाजलेला असेल तर बोलणारा थेट मराठीद्रोही ठरतो. पॅरिसमधून हे वाचताना ज्याँ-पिएर मेलव्हिलचा 'अं फ्लिक' (1972) आठवतो. फ्रेंच गुन्हेपटांच्या या उस्तादाचा हा शेवटचा चित्रपट, आणि तो फसलेला आहे. त्याच्यावर जीव टाकणारेही हे मान्य करतात.

सुरुवात अप्रतिम आहे. समुद्रकाठचं ओस गाव, पाऊस, बंद होत आलेली बँक, चार दरोडेखोर. बिघडतं ते पुढे, रेल्वेच्या प्रसंगात. हेलिकॉप्टरमधून एक जण धावत्या गाडीवर उतरतो, हेरॉइनच्या बॅगा उचलतो, परत वर जातो. सुमारे 20 मिनिटं, संवाद जवळजवळ नाहीत. पण बाहेरून दिसणारी गाडी आणि हेलिकॉप्टर ही खेळणी आहेत हे लगेच कळतं. वस्तू छोटी असली की तिचे हेलकावे झटपट होतात. मॉडेल 1:25 मापाचं असेल तर 25 च्या वर्गमुळाइतकं, म्हणजे पाचपट वेगाने, सेकंदाला नेहमीच्या 24 ऐवजी 120 फ्रेम्सनी चित्रण करावं लागतं; ते 24 नेच दाखवलं की हालचाल संथ होते, तेव्हा कुठे पडद्यावर वजन येतं. इथे ते येत नाही.

दोनच वर्षांपूर्वीच्या 'ल सेर्कल रूज'मध्ये याच माणसाने पॅरिसच्या प्लास व्हाँडोम चौकातला दागिन्यांचा दरोडा असाच निःशब्द दाखवला होता. तिथे नेमबाज बंदूक तिवईवर लावतो, नेम धरतो, आणि ऐन वेळी ती काढून हातातच धरून गोळी झाडतो. वस्तू खरी, जोखीम खरी, म्हणून श्वास अडकतो. 'अं फ्लिक'मध्ये शांतता तीच आहे, तिला आधार देणारं खरेपण नाही. अलाँ दलोंचा पोलीस आणि त्याचा दरोडेखोर मित्र यांची मैत्रीही नुसत्या नजरांवर सोडलेली, आणि कात्रीन दनवच्या वाट्याला मोजके प्रसंग.

इतकं स्पष्ट बोलून इथे फ्रान्समध्ये फ्रेंच सिनेमाचं नुकसान होत नाही, कारण त्याला जगवायचं काम समीक्षकावर टाकलेलंच नाही. प्रत्येक तिकिटावर, हॉलिवूडच्या सुद्धा, 10.72 टक्के कर असतो. तो 1946 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सिनेमा केंद्राकडे जातो आणि तिथून नव्या चित्रपटांना, चित्रपटगृहांना परत मिळतो.

आपण 2015 मध्ये प्राइम टाइमसाठी भांडलो. भांडण रास्तच होतं. पण वेळ मिळवून देणं सरकारचं आणि थिएटरवाल्यांचं काम. त्याची कसर समीक्षकाच्या गप्प बसण्यातून भरून काढायची, तर रेल्वे खेळण्यातली का दिसते हे पुढच्या मराठी दिग्दर्शकाला सांगणार कोण?