चाळीतल्या कांद्यावर पंप मारू नका

काल रात्री निफाडहून मामांचा फोन. कांदा साठवायची चाळ भरून झाली, ट्रायकोडर्माचा, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणाऱ्या बुरशीचा, पुडा आणलाय, सकाळी पंपानं कांद्यावर मारायचंय. कारण तो मेसेज: ‘ट्रायकोडर्मा पाण्यात कालवून चाळीतल्या कांद्यावर फवारा. काजळी, सड, सगळं बंद. कांदा वर्षभर टिकतो. जैविक आहे, नुकसान शून्य.’ मलाही तो तीन गटांतून आला होता. तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं.

‘नुकसान शून्य’ हे सगळ्यात घातक. पुड्यातली बुरशी निरुपद्रवी असेल, पण तिच्यासोबत पंपभर पाणी जातं त्याचं काय? काढणीच्या दहा-पंधरा दिवस आधी आपण पाणी तोडतो. कांदा पातीसकट शेतात सुकवतो, दोन-अडीच सेंटीमीटर मान ठेवून पात कापतो, पुन्हा दहा-बारा दिवस सावलीत वाळवतो. मान मिटावी आणि वरचा पापुद्रा खडखडीत व्हावा, एवढ्यासाठी ही सगळी मेहनत. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाची शिफारसही हीच, आणि चाळीत आर्द्रता 65 ते 70 टक्के ठेवायची. काजळीला, म्हणजे ॲस्परजिलस नायजर या काळ्या बुरशीला, ऊब आणि ओल दोन्ही लागतात. ऊब मे महिना देतोच. ओल आपण होऊन द्यायची? थराच्या पोटातला कांदा एकदा भिजला की लवकर वाळत नाही.

शिवाय कोरड्या पापुद्र्यावर ट्रायकोडर्मा वाढत नाही. ती वाढेल इतकी ओल असेल, तर काजळीही वाढणार.

‘सगळी सड बंद’ हेही खोटं. पाणी सुटून वास मारणारी मऊ सड जिवाणूंची असते. ट्रायकोडर्मा दुसऱ्या बुरशीच्या तंतूंना विळखा घालते, जिवाणूंना नाही. वर्षभराचं तर बोलूच नका. उन्हाळ कांदा चांगल्या चाळीत चार-सहा महिने टिकतो, पुढे कोंब येतात.

एक मात्र कबूल करावं लागेल: काढणीनंतरही जैविक नियंत्रण, म्हणजे उपयोगी सूक्ष्मजीवांनी रोग रोखणं, जमतं. अमेरिकेत 1995 साली कँडिडा ओलिओफिला हे यीस्ट आणि स्यूडोमोनास सिरिंगी हा जिवाणू अशी दोन उत्पादनं नोंदली गेली. यातला जिवाणू साठवणीतल्या बटाट्याच्या सुक्या कुजीवरही वापरतात. जखमेतली साखर बुरशीच्या आधी फस्त करून ते जागा अडवतात. पण ते त्या कामासाठी निवडलेले वाण आहेत. आपल्या दुकानातला पुडा मातीसाठीचा आहे.

मामांना सांगितलं, पंप रिकामा करा. फुटका आणि जाड मानेचा कांदा आजच निवडून बाहेर काढा. पुडा सावलीत ठेवा. खरिपाचं रोप टाकाल तेव्हा शेणखतात मिसळून वाफ्यात द्या, रोपांची मर तिथे खरंच कमी होते.