‘जाड माणूस पुरात ओझं होतो’ या मजकुराला उत्तर

कृष्णेचं पाणी चढायला लागलं की सांगलीत जो तो एकच विचारतो, ‘आयर्विनला किती फूट?’, म्हणजे आयर्विन पुलाजवळ नदीची पातळी किती. त्याच दिवसांत फोनवर एक मजकूरही फिरायला लागतो. आशय थोडक्यात असा: जाड माणसं पुरात स्वतःबरोबर वाचवणाऱ्यांनाही धोक्यात घालतात, त्यांच्यामुळे बोट उलटते, लाइफ जॅकेट त्यांना पेलत नाही, चार दिवस खायला मिळालं नाही तरी त्यांचं काही बिघडत नाही, तेव्हा त्यांनी आधी वजन उतरवावं, तीच खरी तयारी. पाठवणाऱ्यांतले बरेच जण काळजीपोटी पाठवतात. पण मी जाड आहे, नदीकाठच्या शहरात राहते, आणि असं काही वाचून माणूस काय करतो ते मला ठाऊक आहे. तो बोटीला हाक मारायला लाजतो, ‘आधी बाकीचे जाऊ देत’ म्हणतो आणि मागे राहतो. म्हणून एकेक मुद्दा घेते.

बोटीचं आधी. इथे ब्रह्मनाळचा दाखला दिला जातो. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या या गावात पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि अनेकांचा जीव गेला. त्या बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. त्या दुर्घटनेचा धडा गर्दीबद्दल आहे, कुणा एकाच्या अंगकाठीबद्दल नाही. बोटीला भार किलोतच कळतो. ‘इतकी माणसं’ हा हिशेब सरासरी वजन धरून केलेला असतो. आपलं वजन ११५ किलो असेल तर चढण्याआधी ते मोठ्याने सांगावं, म्हणजे नावाडी त्या खेपेला एखादा माणूस कमी घेईल. आत गेल्यावर मधोमध, खाली बसावं, काठावर रेलू नये. चढायचं ते ओट्यावरून, जिन्यावरून किंवा कंपाउंडच्या भिंतीवरून. पाण्यात उभ्या असलेल्या जड माणसाला दंड धरून वर ओढलं तर त्याचा खांदा निखळू शकतो आणि ओढणाऱ्याची पाठ धरते.

पण बोटीची वेळच का येऊ द्यायची? आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आहे, धोक्याची ४५. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं. ज्यांना चालायला, जिना उतरायला वेळ लागतो त्यांनी ४५ ची वाट पाहू नये. सखल भागातल्यांनी ४० चीही नाही. रस्ता कोरडा असतो तोवर रिक्षा दारात येते. कोल्हापूरकरांनी राजाराम बंधाऱ्याचे इशाऱ्याचे ३९ आणि धोक्याचे ४३ फूट हे आकडे असेच लक्षात ठेवावेत.

लाइफ जॅकेटबद्दलचा दावा तर साफ चुकीचा आहे. पाण्यात शरीराचा बहुतेक भार पाणीच उचलतं. बहुतेक प्रौढांना तोंड वर ठेवण्यापुरती तीन ते साडेपाच किलोची जादा उचल लागते, आणि चरबी पाण्याहून हलकी असल्यामुळे जाड माणसाला ती अनेकदा कमीच लागते. अडचण येते ती पट्ट्याची. पट्टा छातीवर पुरला नाही की जॅकेट वर सरकून गळ्याशी येतं. जॅकेट छातीच्या मापाने घ्यायचं असतं, वजनाने नव्हे. आपलं माप घेऊन ठेवावं आणि जमत असेल तर त्या मापाचं स्वतःचं जॅकेट घरात ठेवावं. ‘जाड माणूस आपोआप तरंगतो’ हे दुसरं टोकही तितकंच घातक आहे. वाहतं पाणी पंधरा सेंटिमीटर असलं तरी धडधाकट माणसाचे पाय सुटतात.

उपाशी राहण्याच्या मुद्द्याला मी फार जागा देणार नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणारा माणूस उपाशी राहिला तर काही तासांत त्याची साखर धोकादायक खाली जाऊ शकते, मग त्याच्या पोटावर कितीही चरबी असो. मोठ्या शरीराला पाणीही जास्त लागतं. शिध्याची वाटणी करणाऱ्यांनी ‘यांना काय, चालेल’ असं म्हणू नये.

मजकुरात ज्याचा उल्लेखही नसतो, ती गोष्ट म्हणजे वीज. पाणी रोहित्रांपर्यंत आलं की महावितरण पुरवठा बंद करतं, आणि ते योग्यच आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, म्हसळा, दापोली भागातली कितीतरी गावं अनेक आठवडे अंधारात होती. जाड माणसांपैकी बऱ्याच जणांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असतो आणि त्यातले काही जण रात्री सीपॅप मशीन, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं यंत्र, लावून झोपतात. त्यांच्यासाठी वीज जाणं म्हणजे निव्वळ पंखा बंद होणं नव्हे.

हिशेब सोपा आहे. मशीनमधलं पाणी तापवणारं ह्युमिडिफायर आणि गरम नळी बंद ठेवली तर मशीनला साधारण ३० ते ६० वॅट लागतात. ४० धरले तर आठ तासांचे ३२० वॅट-तास. घरच्या इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते. त्यातली निम्मीच हाती लागेल असं धरलं तरी, बाकी काही न लावता, दोन रात्री निघतात. मशीन थेट बॅटरीवर चालवणारा, कंपनीचा डीसी अडॅप्टर मिळत असेल तर बॅटरी आणखी पुरते. आणि बहुतेक घरांत इन्व्हर्टर तळमजल्यावर, जिन्याखाली, फरशीवर असतो, म्हणजे घरात पाणी शिरलं की सगळ्यात आधी तोच बुडणार. पावसाळ्याआधी तो वर न्यायला सांगा. मशीन चालूच शकत नसेल तर कुशीवर, डोक्याकडची बाजू उंच करून झोपावं. दारू आणि झोपेच्या गोळ्या त्या रात्री टाळाव्यात.

इन्सुलिनची वापरात असलेली बाटली किंवा पेन साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर टिकतं, मात्र उष्ण जागी ठेवू नये. न उघडलेल्या बाटल्यांसाठी ओल्या फडक्यात गुंडाळलेलं मातीचं मडकं चालतं. बर्फाला चिकटवून ठेवू नये; गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

आता निवारा. जिल्हा परिषदेच्या शाळेत जमिनीवर सतरंजी, भारतीय पद्धतीचं शौचालय आणि मदतीत आलेले कपडे. साडी, लुंगी, नाडीचा परकर कुणालाही होतो. ब्लाऊज, पँट आणि आतले कपडे मोठ्या मापाचे जवळपास कधीच नसतात. म्हणून आपल्या पिशवीत दोन जोड आपल्या मापाचे, प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून. ओल्या कपड्यांत चालताना मांड्या घासून सोलवटतात, पोटाखाली आणि स्तनांखाली ओल राहून चट्टे उठतात. तिथली कातडी फुटली की पुराच्या घाण पाण्यातून लेप्टोसारखा जंतुसंसर्ग शरीरात शिरायला वाट मिळते. सुती फडकी, व्हॅसलीन आणि डॉक्टरांनी सुचवलेली बुरशीवरची पावडर, एवढ्या तीन वस्तूंनी पुष्कळ त्रास वाचतो.

राहिला ‘आधी वजन उतरवा’ हा सल्ला. कुणाला उतरवायचं असेल तर तो त्याचा आणि त्याच्या डॉक्टरांचा प्रश्न, आणि त्याला महिने-वर्षं लागतात. नदी मात्र येत्या जुलैत येईल ती आज जे शरीर आहे त्याच्याच दारात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत देशातल्या प्रौढ स्त्रियांपैकी २४ टक्के आणि पुरुषांपैकी जवळपास २३ टक्के जादा वजनाचे निघाले. दर चौथ्या-पाचव्या माणसाला वगळून केलेलं नियोजन अपुरंच आहे.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं ६१ वं कलम सांगतं की मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्मावरून भेदभाव करता येणार नाही. त्यात शरीराचं नाव नाही. म्हणून मागावं लागतं, आणि पाऊस सुरू होण्याआधी. ग्रामपंचायतीला किंवा वॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज द्या: निवाऱ्यात बिनहाताच्या मजबूत खुर्च्या आणि दोन लोखंडी खाटा, एक कमोडची खुर्ची, मोठ्या छातीची निदान चार लाइफ जॅकेट, मशीनसाठी एक चालू प्लग. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या, आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये टाका.