वायरमन मित्रांनो, पुढच्या वादळाआधी आपली फळी उभी करूया

नाशिकमधल्या सगळ्या इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर आणि वायरमन बंधू-भगिनींना मनापासून विनंती आहे, ही पोस्ट शेवटपर्यंत वाचा.

कोकणात वादळ आलं की आपल्याकडून टेम्पो जातो. जुने कपडे, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या. देणाऱ्यांची भावना खरी असते. पण नाशिकमध्ये कपडे गोळा करणारे पुष्कळ आहेत, मेगर, म्हणजे तारांच्या आवरणातून वीज गळते का ते तपासायचं यंत्र, हातात धरता येणारे आपणच आहोत. आपण आपलं काम द्यायला हवं.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात धडकलं. माडा-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, पत्रे उडाले, विजेचे खांब हजारोंनी पडले. रायगडात, दापोली-मंडणगडात कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. वीज नाही म्हणून नळपाण्याचे पंप बंद, मोबाइलचे टॉवर बंद. त्याच वादळाचा पाऊस नाशिकवरही कोसळला होता, तेव्हा ‘समुद्र आपल्यापासून लांब आहे’ असं म्हणायची सोय नाही. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्तेने किनारा पुन्हा झोडपला.

खांब, तारा, ट्रान्सफॉर्मर हे महावितरणचं काम. तिथे आपण हात लावायचा नाही, परवाना असला तरी नाही. पण लाइन चालू झाली म्हणजे घरात दिवा लागला असं होत नाही. मीटरच्या पुढचं कोण बघणार?

निसर्गनंतर आम्ही काही जण तिकडे गेलो होतो. एका घरात स्विचबोर्ड उघडला, तर आत ओल आणि खाऱ्या वाऱ्याचा पांढरा थर. टर्मिनलचे स्क्रू हिरवे पडलेले, अर्थिंगची तार कोसळलेल्या माडाबरोबर उपटून गेलेली. आजी म्हणाल्या, “बाबा, गावात लाइट आली, पण बटण दाबायची भीती वाटते.” त्यांची भीती रास्त होती. मेन बंद करून 500 व्होल्टचा मेगर लावला, तर वाचन 1 मेगाओहमच्या खूप खाली, म्हणजे वायरिंगमधून वीज गळणार हे नक्की. त्या घरात तसाच सप्लाय सोडला असता, तर फ्रीजला हात लावणाऱ्याचा जीव गेला असता. आम्ही ओलं सर्किट तोडलं, एक दिवा आणि एक पॉइंट सुरक्षित करून दिला, वीज गळली की सप्लाय आपोआप तोडणारा ईएलसीबी बसवला. तेवढ्यावर त्या घराचं भागलं.

जनरेटरचं तर मला राहून राहून वाटतं, हे गावोगाव सांगायलाच हवं. वीज नाही म्हणून लोक भाड्याचा जनरेटर आणतात आणि मेन चालू ठेवून थेट सॉकेटमध्ये पिन खुपसतात. हा रिटर्न सप्लाय ट्रान्सफॉर्मरमधून उलटा चढतो. घरातले 230 व्होल्ट वर 11,000 होतात, आणि तिथे लाइन बंद आहे असं समजून एखादा लाइनमन तार ओढत असतो. एक चेंजओव्हर स्विच, म्हणजे एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणारा स्विच, त्याचा जीव वाचवतो. तो बसवायला आपल्यातल्या कुणाला किती वेळ लागतो?

म्हणून माझं म्हणणं आहे की तयारी आत्ताच करूया. अरबी समुद्रात वादळं प्रामुख्याने पावसाळ्याच्या आगेमागे येतात. बातमी आल्यावर फोनाफोनी सुरू केली तर उशीर होतो. अंबड-सातपूरमध्ये पॅनल बनवणारे इतके कारखाने आहेत, शहरात होलसेलवाले आहेत. एमसीबी, ईएलसीबी, केबल, इन्सुलेशन टेप, अर्थिंगचे रॉड यांचा साठा आधीच ठरवून ठेवता येईल. मालकांनी माल द्यावा, आपण हात देऊ. जायचं ते तिथल्या तहसीलदारांशी आणि महावितरणच्या उपविभागाशी बोलूनच. आपल्या जेवणाचा, मुक्कामाचा भार गावावर टाकायचा नाही. आणि परवाना नसलेल्या कुणालाही, कितीही उत्साही असला तरी, बोर्डाला हात लावू द्यायचा नाही. त्याने सामान वाहावं, घरोघरी जाऊन नोंदी घ्याव्यात. तेही मोठं काम आहे.

रोजंदारीवर असलेल्या वायरमनला आठवडाभर काम सोडणं परवडत नाही, हे मला ठाऊक आहे. त्याची हजेरी आपण कॉन्ट्रॅक्टरांनी भरायची. माझ्याकडे काम करणाऱ्यांची मी भरणार.

ज्यांची तयारी आहे त्यांनी मला मेसेज करावा. परवाना नंबर कमेंटमध्ये टाकू नका. स्वतःचा मेगर आहे का आणि गाडी आहे का, एवढं मात्र जरूर लिहा.