‘घर म्हणजे काय लॉज आहे का?’ : काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका (वय ६८ असं तुम्हीच लिहिलंय म्हणून काका म्हणतेय, चालेल ना), तुमची प्रतिक्रिया परवाच वाचली होती पण लगेच उत्तर दिलं नाही, रागाच्या भरात काहीतरी लिहून बसले असते. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आमचा कोथरूडचा फ्लॅट गुहागरच्या एका कुटुंबाला आठ दिवस दिला आणि त्यांच्या घरी आम्ही जाऊन राहिलो, त्यावर मी लेख लिहिला, तर तुमचं म्हणणं असं की घर म्हणजे काय लॉज आहे का, परकी माणसं आपल्या गाद्यांवर झोपणार, देवघरात वावरणार, सासूबाईंची लोणच्याची बरणी फुटली तरी मी आपली कौतुकच करतेय. आणि मुख्य म्हणजे हा सरळ सरळ फुकटेपणा आहे, होमस्टे घेतला असता तर तिथल्या चार लोकांच्या हातात पैसे पडले असते.

शेवटचा मुद्दा आधी घेते कारण तो मला खरंच लागला. निवास-न्याहारीवाल्या घरांत आम्हीही राहिलोय, पुढेही राहू, ते पैसे गावातच राहतात हे मला पटतं. पण काका, तुम्ही फक्त आमच्या बाजूचाच हिशोब मांडलात. पुण्याचा माणूस कोकणात गेला तर त्याला उतरायला पन्नास ठिकाणं आहेत, गुहागरचा माणूस पुण्यात आला तर तो कुठे उतरतो? त्या घरातल्या आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढायची, मग आठवड्याने परत दाखवायचं, म्हणजे मधे कुंभार्ली घाट चढून-उतरून जाऊन येणं नको, पाच माणसं, लॉजच्या दोन खोल्या, दोन वेळचं बाहेरचं जेवण, तेही डोळ्यात थेंब घालत बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला. त्याऐवजी त्यांना लिफ्ट असलेलं घर मिळालं, मऊ भात करून घालता आला. याला फुकटेपणा कसं म्हणायचं? पूर्वी मुंबईत गिरणगावात गावकीच्या खोल्या असायच्या, गावाकडून आलेला माणूस तिथे हक्काने पथारी टाकायचा, आता ते नाही आणि नातेवाईकांकडे आठ-आठ दिवस राहायची सोयही कुणाला राहिली नाहीये.

आणि ही काही आमच्या डोक्यातून निघालेली टूम नाही. १९५३ साली युरोपातल्या शिक्षकांनी इंटरव्हॅक नावाने ही घरांची अदलाबदल सुरू केली, सुट्टी मोठी आणि पगार छोटा म्हणून. घरांच्या याद्या छापायचे आणि पत्रं लिहून ठरवायचे.

आता परकी माणसं. आम्ही तीनदा व्हिडिओ कॉल केले, एकदा ते तपासणीसाठी पुण्यात आले तेव्हा घरी जेवायला बोलावलं, मगच हो म्हटलं. दागिने, कागदपत्रं एका कपाटात कुलूपबंद, तसं त्यांना सांगूनच, त्यांनीही तेच केलं. त्यांच्या स्वयंपाकघरात मासे करायचे नाहीत हे आधीच ठरलं होतं, माझ्या नवऱ्याने खानावळीत सुरमई खाल्ली आणि आम्ही घरी आमटी-भात. देवांची पूजा शेजारच्या काकू सकाळी येऊन करून जायच्या, आम्ही फक्त फुलं काढून ठेवायचो.

पण खरी जबाबदारी वाडीची होती. त्यांची पोफळीची वाडी मागे पार समुद्रापर्यंत जाते, तिला एक दिवसाआड पंप लावून पाणी द्यायचं, एका ओळीला झालं की पाटात मातीचा बांध घालून पाणी पुढच्या ओळीला वळवायचं. माझा मुलगा फावडं घेऊन चिखलात उभा राहून हे शिकला. तिसऱ्या दिवशी आम्ही गप्पांच्या नादात पंप बंद करायलाच विसरलो, पाट फुटला आणि पाणी शेजाऱ्यांच्या भाजीच्या वाफ्यात गेलं, मुळ्याची कोवळी रोपं आडवी झाली. शेजाऱ्यांकडे गेलो, माफी मागितली, वाफा परत नीट करून दिला आणि मग घरमालकांना फोन केला. आदल्याच संध्याकाळी त्यांच्या सूनबाईंचा फोन आलेला, बरणी फुटली म्हणून, आवाज रडवेला. ती चिनीमातीची बरणी माझ्या सासूबाईंच्या माहेरची होती, त्यांना वाईट वाटलं, मलाही वाटलं, ते मी लपवत नाहीये. पण त्यांनी लगेच, आपणहून सांगितलं हे माझ्यासाठी मोठं होतं. हॉटेलात कप फुटला तर बिलात लागतो आणि विषय संपतो, इथे माझं घर त्यांच्या हातात होतं आणि त्यांचं माझ्या, म्हणून दोघंही जपून वागत होतो.

निघायच्या दिवशी खळ्यात सुपाऱ्या वाळत होत्या, सासूबाईंनी त्या हाताने उलट्या-पालट्या केल्या, चादरी धुऊन दोरीवर टाकल्या, मगच गाडीत बसल्या. त्यांचं वय ८१. ‘परक्याचं घर’ हा शब्द तुमच्या प्रतिक्रियेत चार वेळा आलाय, त्यांच्या तोंडून आठ दिवसांत एकदाही आला नाही.

तुमचं एक म्हणणं मात्र बरोबर आहे, ते मी मूळ लेखात लिहायला हवं होतं. पाहुण्यांबद्दल सोसायटीला लेखी कळवणं गरजेचं आहे, आम्ही नावं, गाडीचा नंबर आणि तारखा देऊन सेक्रेटरींना पत्र दिलं होतं. आणि परदेशी कुटुंब असेल तर २४ तासांच्या आत त्यांची माहिती सरकारकडे ऑनलाइन भरावी लागते, घरात राहायला दिलं तरीही. पत्राचा नमुना तुम्ही मागितलाय, आज संध्याकाळी इथेच खाली टाकते.