'दहा बाय दहाला एक टन' हा हिशेब मोसंबीला लागू पडत नाही

जालना-अंबडकडच्या मोसंबीवाल्यांमध्ये एक मेसेज फिरतोय : "दहा बाय दहाच्या कोल्ड रूमला एक टनाचं मशीन पुरतं. एक टन म्हणजे एक एचपी. शंका वाटली तर दुप्पट टनाचं मशीन घ्या, नुकसान काहीच नाही." कर्ज काढून खोली उभारणाऱ्याला हे तिन्ही सल्ले महागात पडतील.

'दहा बाय दहाला एक टन' हा घरच्या एसीचा ढोबळ अंदाज. घरात माणसं बसतात, गरम माल उतरत नाही. दहा फूट उंच, 100 मिमी जाड पफ पॅनलची (आत फोम भरलेल्या, उष्णता अडवणाऱ्या पत्र्यांची) खोली धरा. बाहेर 40 अंश, आत 7. भिंती, छत आणि जमिनीतून मिळून जेमतेम 0.4 किलोवॅट उष्णता आत येते. आता तिच्यात 35 अंशांची 2,000 किलो मोसंबी ठेवा. किलोभर फळ एका अंशाने थंड करायला साधारण 3.8 किलोज्यूल काढावे लागतात. 2,000 × 3.8 × 28, म्हणजे 2,12,800 किलोज्यूल. 20 तासांत काढायचे तर सुमारे 3 किलोवॅट लागतात, 6 तासांत काढायचे तर जवळपास 10. कूलिंगचा टन 3.517 किलोवॅटचा (2,000 पौंड बर्फ 24 तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढा). म्हणजे नुसत्या मालासाठी एकदा 0.84 टन, एकदा 2.8 टन. खोली तीच, माल तोच, फक्त घाई वेगळी. सावकाश थंड करणाऱ्या कुणाला एक टन पुरलाही असेल, पण तो योगायोग. शिवाय दार उघडणं, पंखे, फळांचा श्वास आणि आत राबणाऱ्या माणसामागे पाव किलोवॅट हे धरायचं राहिलंच.

एचपी ही मोटारीची ताकद, टन म्हणजे तासाला काढलेली उष्णता. एका एचपीतून किती टन मिळतील, हे तापमानावर ठरतं : खोलीतली थंड करणारी कॉइल 0 अंशांवर चालवणारा कॉम्प्रेसर (गॅस दाबणारं यंत्र) उणे 20 वर निम्म्याच्या आसपास काम देतो. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर 42-43 अंश झाले की कंडेन्सर (उष्णता बाहेर सोडणारा भाग) तापतो आणि क्षमता आणखी घटते. एसीवरचा टनाचा आकडा तर बाहेर 35 अंश धरून दिलेला असतो.

दुप्पट मशीनचं म्हणाल, तर ते खोली झटकन गार करून बंद पडतं, पुन्हा सुरू होतं. प्रत्येक सुरुवातीला मोटार जास्त करंट ओढते; खेड्यातल्या कमी व्होल्टेजवर ते तिला झेपत नाही. वर जोडणी आणि जनरेटरही मोठा लागतो.

विक्रेत्याला खोलीचं माप देताना सोबत रोजचा माल किती किलो, तो किती अंशांचा आणि किती तासांत थंड हवा, हेही सांगा. आणि बाहेर 45 अंश असताना तुमच्या कॉइलच्या तापमानाला मशीन किती किलोवॅट उष्णता काढेल, ते कोटेशनवर लिहून घ्या.