अडेनियम बियांपासून होत नाही म्हणे! त्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत तोच मेसेज चार ग्रुपवर आला, आणि काल तर मावशीने फोन करून विचारलं की अगं, मागवलेल्या बिया परत करू का. मेसेज थोडक्यात असा: अडेनियमच्या (फुगीर बुंध्याचं शोभेचं फुलझाड) बियांवर पैसे घालवू नका, गोव्याच्या दमट हवेत त्या कुजतातच, रुजल्या तरी फुलाला सात-आठ वर्षं लागतात, जाड बुंधा हवा तर कलमच घ्या, लावायच्याच असतील तर पाऊस सुरू झाल्यावर लावा, आणि झाड विषारी असल्याने घरात ठेवू नका. मी फोंड्याला राहते, माझ्याकडची बरीचशी अडेनियमं मी बियांपासूनच केलीत, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी कुजण्याचं. बी कुजतं ते हवेच्या दमटपणाने नाही, कुंडीतलं पाणी निथळत नाही म्हणून. रुजायला बियांना ऊब आणि ओल दोन्ही लागतं, २५ ते ३० अंश, थंड देशांत लोक त्यासाठी ट्रेखाली विजेची मॅट ठेवतात, आपल्याला ते फुकट मिळतं! ताजं बी साधारण ३ ते ७ दिवसांत वर येतं. शिळं असेल तर कुठेच येणार नाही, मग दोष गोव्याच्या हवेला. बी असतं सेंटिमीटरभर लांब, तपकिरी काडीसारखं, दोन्ही टोकांना केसांचा झुबका. बोटांत दाबून बघा, भरीव लागलं तर ठीक, पिचकलं तर आत काही नाही.

माती म्हणाल तर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) थोडं, बाकी नदीची जाड रेती आणि चिऱ्याचे वाटाण्याएवढे खडे चाळून. किनाऱ्यावरची वाळू अजिबात नको, तिच्यात मीठ असतं. बी आडवं ठेवायचं, वर रेतीचा पातळ थर. बास. खोल पुरू नका.

आता तो पावसात लावा वाला सल्ला, आणि मला खरा राग याचाच आहे कारण या एका ओळीने लोकांची रोपं मरतात. पणजीला वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर, जुलैत तर कधीकधी आठवडाभर ऊन दिसत नाही. काकडी-भेंडीला ते चालतं, अडेनियमच्या कोवळ्या रोपाला नाही. पहिल्या वर्षी मीही जुलैत लावल्या होत्या, वीस बियांतल्या सतरा रुजल्या, मी सगळ्यांना फोटो पाठवले, आणि तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी बघते तर रोपं आडवी, मातीलगतची मान दोऱ्याएवढी बारीक झालेली आणि पाणचट. ही बुरशी. सतरातली तीन वाचली. तेव्हापासून मी गणपतीची चवथ आटोपून पाऊस ओसरला की ऑक्टोबरात लावते, म्हणजे पुढच्या जूनपर्यंत रोपाला आठ महिने मिळतात, बुंधा लिंबाएवढा होतो, आणि तेवढं झाड छपराखाली ठेवलं, पाणी हात राखून दिलं की पावसाळा काढतं.

बुंध्याचा मुद्दा तर सरळ उलटा लिहिलाय. तो फुगीर बुंधा बियांच्या रोपाला जन्मापासून येतो, दोन पानं उघडतात तेव्हाच खालचा देठ गुबगुबीत दिसतो, कण्हेरीच्या रोपासारखा सडपातळ नसतो. फांदी खोचून केलेल्या झाडाला तसा सहसा येत नाही. आणि नर्सरीतलं जे जाड बुंध्याचं कलम तुम्ही घेता, त्याचा खालचा भाग बहुतेक वेळा बियांचंच रोप असतं, वर दुसऱ्या जातीची फांदी चढवलेली असते. कलमाचा फायदा आहे, पण तो फुलाचा: दुहेरी पाकळ्या, ठरावीक रंग. बियांच्या झाडाला आईसारखंच फूल येईल याची खात्री नाही, हे मान्य करून टाका. आणि निळ्या अडेनियमच्या बिया म्हणून जे फोटो फिरतात त्यांना फसू नका, निळं अडेनियम नसतं.

सात-आठ वर्षं? भरपूर ऊन मिळालं तर एक-दोन वर्षांत फूल येतं. माझं पहिलं चौदाव्या महिन्यात फुललं, गुलाबी, आत पांढरट.

विषारी आहे, हे मात्र खरं. फांदी मोडली की चीक येतो, आफ्रिकेत तो बाणांना लावायचे. कण्हेरीच्याच कुळातलं झाड हे, फोर्सकाल नावाच्या अभ्यासकाने ते अरबस्तानात पाहिलं आणि १७७५ साली छापलेलं त्याचं पहिलं शास्त्रीय नावच मुळी 'लठ्ठ कण्हेर' अशा अर्थाचं होतं. पण कण्हेर आपल्या देवळांच्या अंगणातही असतेच ना. छाटल्यावर हात धुवा, लहान मुलं आणि मांजर-कुत्रा यांच्या तोंडाशी येणार नाही असं ठेवा. घरात ठेवू नका हे मीही सांगेन, पण वेगळ्या कारणाने: हॉलमधल्या टेबलावर झाड उंच, लुकडं होतं आणि फुलत नाही, त्याला पाच-सहा तास थेट ऊन लागतं, म्हणजे बाल्कनी किंवा गच्ची.

मावशीला मी बिया ठेवून घ्यायला सांगितलंय. माझ्या त्या वाचलेल्या तिघांपैकी एकाला यंदा शेंगांची जोडी धरलीय, बैलाच्या शिंगांसारखी, पिकून तडकली की केसाळ बिया वाऱ्यावर जातात म्हणून कालच दोन्ही शेंगांना दोरा गुंडाळला.